तापलेल्या चुनखडकातले कोनोडॉन्ट: सिल-डाइकच्या आचेचा माग कसा काढायचा

उत्तर इंग्लंडमध्ये टीस नदीच्या वरच्या खोऱ्यात विडीबँक फेल आणि क्रॉन्कली फेल या माळांवर एक चुनखडक आहे, तो बोटांनी चुरता येतो. चुरा हातात घेतला तर जाड साखरेसारखा दिसतो, म्हणून त्याचं नावच साखरी चुनखडक. मूळचा हा कार्बनिफेरस काळातला, जीवाश्मांनी भरलेला साधा करडा चुनखडक. सुमारे २९.७ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या थरांमध्ये डोलेराइटचा मॅग्मा घुसला आणि आडवा पसरला. त्यालाच व्हिन सिल म्हणतात. आपला काळा पत्थर डोळ्यांपुढे आणा: घडण त्याच्या जवळची, पण जमिनीखाली सावकाश निवाल्यामुळे दाणे थोडे जाड. (‘सिल’ हा शब्दच तिथल्या खाणकामगारांचा. आडव्या थराला ते सिल म्हणत, भूविज्ञानाने तो उचलला.)

या आचेने चुनखडकातल्या सूक्ष्मजीवाश्मांचं काय झालं हे शोधताना मुख्य साधन कोनोडॉन्ट. कँब्रियनपासून ट्रायासिकच्या अखेरपर्यंत समुद्रात राहिलेल्या, ईलसारख्या लांबट प्राण्यांचे हे दातांसारखे अवयव साधारण ०.२ ते २ मिलिमीटरचे असतात. ते कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि फॉस्फेटच्या पदरांत सेंद्रिय द्रव्याचा पातळ अंश अडकलेला असतो. खडक तापला की हे द्रव्य कोळसते आणि अवयव पिवळ्याचा तपकिरी, मग काळा होतो. आणखी तापला की कार्बन जळून जातो आणि अवयव राखाडी, पांढरा, शेवटी काचेसारखा पारदर्शक होतो. हा बदल उलट फिरत नाही. अनिता एपस्टाइन, जॅक एपस्टाइन आणि लेनर्ड हॅरिस यांनी १९७७ मध्ये या रंगांची मोजपट्टी बसवली, तीच रंगबदल निर्देशांक, म्हणजे सीएआय. १९८७ मध्ये रेजेबियन, हॅरिस आणि ह्यूबनर यांनी ती ६ ते ८ या वरच्या आकड्यांपर्यंत वाढवली.

मोजपट्टी सोपी दिसते आणि तिथेच फसगत होते. पुढची पद्धत त्या फसगतीतून वाट काढण्यासाठी आहे.

फील्डवर जाण्याआधी कागदावर आच मोजा

सिल किंवा डाइक (थरांना उभी चिरत गेलेली मॅग्माची भिंत) किती जाड आहे हे आधी ठरवा. पुढची सगळी अंतरं मीटरऐवजी ‘जाडीच्या किती पट’ अशा भाषेत धरायची, कारण आच तशीच पसरते. डोलेराइटचा मॅग्मा ११५०° से. आणि भोवतालचा खडक ५०° धरला तर फरक ११००°. कमाल तापमानवाढ काढायचं ढोबळ सूत्र असं: फरक × ०.२४२ × जाडी ÷ सिलच्या मध्यापासूनचं अंतर. मध्यापासून, कडेपासून नव्हे. ही चूक फार जण करतात. मिळालेल्या वाढीत भोवतालचे ५०° मिळवले की कडेपासून पाव जाडीवर सुमारे ४०५°, अर्ध्या जाडीवर ३१५°, एका जाडीवर २२५° आणि दोन जाडींवर १५५° मिळतात. अगदी कडेला हे सूत्र चालत नाही. तिथे दोन्ही तापमानांची सरासरी, म्हणजे ६००° च्या आसपास धरा.

हे आकडे कमीत कमी समजा. मॅग्मा गोठताना सुप्त उष्णता सोडतो. ती हिशेबात आणायची सोपी युक्ती म्हणजे मॅग्माचं तापमान सुमारे ३००° ने वाढवून धरणं. मग वरचेच आकडे अनुक्रमे ५००°, ३९०°, २७५° आणि १८५° होतात. खरं तापमान बहुधा या दोन रांगांच्या मधे कुठेतरी असतं. उलट ओल्या, सच्छिद्र खडकातलं पाणी उकळून आच खाऊन टाकतं आणि आकडे खाली येतात.

आता वेळ. खडकाची उष्णता-विसरणशीलता सेकंदाला एक दशलक्षांश चौरस मीटर, म्हणजे वर्षाला साधारण ३१.५ चौरस मीटर. अर्ध्या जाडीचा वर्ग भागिले ३१.५ केलं की वर्षांत कालमान मिळतं. २ मीटरच्या डाइकला ते १२ दिवस, १० मीटरच्या डाइकला ९-१० महिने, ६० मीटरच्या सिलला २८-२९ वर्षं. कडेपासून एका जाडीवर कमाल तापमान यायला याच्या ४.३ पट वेळ लागतो: २ मीटरच्या डाइकला ५० दिवस, ६० मीटरच्या सिलला सव्वाशे वर्षं. हे आकडे वहीत लिहून ठेवा. सीएआयच्या तक्त्यातली तापमानं मात्र लाखो-कोट्यवधी वर्षांच्या तापण्यासाठी आहेत, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

जागा आणि नमुन्यांची ओळ

निवड हातात असेल तर सिलपेक्षा उभी डाइक घ्या. डाइकपासून लांब जाताना एकाच थरात चालता येतं: तोच चुनखडक, तीच प्राणिसृष्टी, बदलते ती फक्त आच. सिलपासून लांब जायचं तर वर चढावं किंवा खाली उतरावं लागतं आणि थर बदलतात. उत्तर इंग्लंडमध्ये तर चुनखडक, शेल, वालुकाश्म असा क्रम पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे हव्या त्या अंतरावर चुनखडक मिळेलच असं नाही. शिवाय व्हिन सिल एका थरात राहत नाही, पायऱ्या घेत वर-खाली सरकते. पृष्ठभागावर कडा १०० मीटर दूर दिसते आणि सिल पायाखाली २० मीटरवर असते. बोअरहोलची नोंद किंवा भूशास्त्रीय छेद पाहिल्याशिवाय अंतर लिहू नका.

नमुने कडेपासून ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १, १.५ आणि २ जाडींवर घ्या. आठवा नमुना पाच जाडींपलीकडचा, पार्श्वभूमीचा; तो नसेल तर बाकीच्या सातांना काही अर्थ उरत नाही. लांबचे नमुने १-२ किलो पुरतात. कडेजवळ ३ ते ५ किलो घ्या, कारण तिथे पुनर्स्फटिकीभवनात बरेच अवयव मोडलेले असतात आणि हाती कमी लागतात. हवामानाने झिजलेला वरचा भाग सोडून ताजा खडक काढा. कॅल्साइट, गॅलेना किंवा फ्लुओराइटच्या शिरांपासून निदान अर्धा मीटर दूर राहा, आणि जवळ शीर असेल तर तिचं अंतर पिशवीवरच लिहा. तीच नोंद पुढे वाचवते.

विडीबँक आणि क्रॉन्कलीवर मात्र हातोडा चालवायचा नाही. साखरी चुनखडकावर स्प्रिंग जेन्शियनसारखी दुर्मीळ फुलझाडं वाढतात, सगळा भाग राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि लेखी परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही. १९६७ मध्ये तिथे काउ ग्रीन धरणाचं काम सुरू झालं, तेव्हा याच झाडांसाठी मोठा विरोध झाला होता.

पातळ छेद: चुनखडी कवचांचं काय झालं

आम्लात टाकण्याआधी प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा ३० मायक्रॉन जाडीच्या छेदासाठी काढून ठेवा. आम्लात फोरॅमिनिफेरा (चुनखडी कवचाचे एकपेशीय जीव) विरघळून जातात, त्यांची साक्ष फक्त इथे मिळते.

आच वाढते तसा आधी सूक्ष्मदाणी कॅल्साइटचा चिखल जाड होतो. मग एंडोथायरिड फोरॅमिनिफेरांची गडद, बारीक दाण्यांची भिंत पुसट होते, कारण तिचे दाणे भोवतालच्या दाण्यांएवढे वाढतात. क्रिनॉइडचे (कमळासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांचे) तुकडे सगळ्यांत उशिरापर्यंत ओळखू येतात. प्रत्येक तुकडा मुळातच एक अखंड स्फटिक असतो. शेवटी मिलिमीटरभर दाण्यांचं मोझेक उरतं आणि ध्रुवित प्रकाशात काही दिसत नाही. इथे हार मानू नका. छेदाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, खालचा दिवा बंद करा आणि वरून तिरपा प्रकाश टाका. सेंद्रिय द्रव्याचे आणि बारीक अशुद्धीचे उरलेले ठिपके कवचाची आकृती दाखवतात. बरेचदा ‘निर्जीव’ ठरवलेल्या संगमरवरात अशा छाया सापडतात.

शुद्ध चुनखडकात नवीन खनिज तयार होत नाही, फक्त दाणे वाढतात. म्हणून नवी खनिजं दिसली नाहीत म्हणून खडक तापलाच नाही असं लिहू नका. मातकट थरांत मात्र गार्नेट, इडोक्रेज, डायोप्साइड येतात. टीसडेलमध्ये, म्हणजे टीसच्या खोऱ्यात, फाल्कन क्लिंट्सजवळच्या थरांत ती आहेत. डोलोमाइट आहे का हे अलिझरिन रेड-एस रंगाने पाहा: ०.२ टक्के रंग, १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात, अर्धा मिनिट. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट तसंच राहतं. पुढचं आम्ल यावरून ठरतं.

आम्लात विरघळवणे

खडक हाताने ३-४ सेंटिमीटरच्या तुकड्यांत फोडा. जॉ क्रशर वापरू नका. भाजलेले कोनोडॉन्ट आधीच ठिसूळ असतात.

कॅल्साइटच्या चुनखडकाला १० टक्के अ‍ॅसेटिक आम्ल. १ किलो चुनखडकाला १.२ किलो शुद्ध आम्ल, म्हणजे १० टक्क्यांचं सुमारे १२ लिटर द्रावण लागतं. एका १० लिटरच्या बादलीत १ किलो टाकून आठवडाभराने ‘विरघळत का नाही’ असं विचारलं जातं, तेव्हा आम्ल केव्हाच संपलेलं असतं. डोलोमाइट असेल तर अ‍ॅसेटिक फारसं काम करत नाही. तिथे फॉर्मिक आम्ल, दर किलोला ८५ टक्क्यांचं साधारण ९८० मिलिलिटर, तेही १० टक्क्यांपर्यंत पातळ करून. नेहमी पाण्यात आम्ल ओता. ग्लेशियल (पाणी नसलेलं) अ‍ॅसेटिक १६.६° से. ला गोठतं, हिवाळ्यात बाटली घट्ट झालेली दिसली तर घाबरू नका.

सगळ्यांत महाग चूक सामूची. सामू ३.६ च्या खाली गेला की कोनोडॉन्टचं फॉस्फेटही विरघळू लागतं. कोरं आम्ल एकट्याने ओतू नका. आधीच्या बादलीतलं वापरलेलं, कॅल्शियम अ‍ॅसिटेटने भरलेलं द्रावण त्यात मिसळा आणि चमचाभर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट टाका. फॉर्मिकमध्ये कॅल्शियम कार्बोनेट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दोन्ही आधी टाका. सामूपट्टी रोज बुडवा. या चुकीने पृष्ठभाग खरबडतो आणि तो खरबडीतपणा नंतर गरम पाण्याचा परिणाम समजला जातो.

१ किलो चुनखडक विरघळताना खोलीच्या तापमानाला सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. बादल्या धूर-कपाटात (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) ठेवा, बंद तळघरात कधीच नको.

तुकडे जाळीच्या टोपलीत टांगलेले असू द्या, म्हणजे गाळ खाली पडतो आणि त्यांना झाकत नाही. ५-७ दिवसांनी १ मिलिमीटर आणि ६३ मायक्रॉनच्या चाळण्यांतून हलक्या पाण्याने धुवा, उरलेल्या तुकड्यांना नवं द्रावण द्या. गाळ ५०° से. च्या वर वाळवू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ब्लीच अजिबात नको: जे सेंद्रिय द्रव्य मोजायचं, त्यालाच ती खाते. मातीने भरलेला गाळ सुटत नसेल तर पुन्हा पुन्हा भिजवा, वेळ जाऊ द्या.

जड द्रव आणि चुंबक

सोडियम पॉलिटंगस्टेट २.७५ ते २.८० घनतेला आणा. क्वार्ट्झ (२.६५) आणि कॅल्साइट (२.७१) तरंगतात, कोनोडॉन्ट बुडतात. त्याआधी गाळ शुद्ध पाण्याने चांगला धुवा. कॅल्शियम उरलं तर कॅल्शियम टंगस्टेटचा पांढरा साका तयार होतो आणि महागडा द्रव वाया जातो. नळाचं पाणी आणि साधं लोखंड त्यापासून दूर ठेवा.

कडेजवळच्या मातकट नमुन्यांत बुडणाऱ्या भागात गार्नेट आणि इडोक्रेज भरपूर येतात, कोनोडॉन्ट त्यांत हरवतात. मग द्रव ३.१ पर्यंत घट्ट करून दुसरी फेरी करा. जड खनिजं खाली जातात, बहुतेक कोनोडॉन्ट वर राहतात. पिऱ्होटाइट या चुंबकी लोह-सल्फाइडसाठी पिशवीत गुंडाळलेलं हातचुंबक पुरतं. चुंबकाला चिकटलेला भागही एकदा पाहा. लोहाचा लेप बसलेले कोनोडॉन्ट तिथे जातात.

रंग वाचणे

स्टेरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या एलईडीत. पिवळ्या दिव्यात १ आणि १.५ मधला फरक मरतो. एकाच प्रजातीचे, शक्यतो एकाच जाडीचे अवयव निवडा: जाड अवयव पातळ पात्यापेक्षा एक पाऊल गडद वाटतो. नमुन्याला निदान १० अवयव, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. सरासरी लिहून मोकळे होऊ नका. किमान, कमाल आणि सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा लिहा. नमुन्याची चिठ्ठी झाकून दुसऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्या. कडेजवळचा नमुना हातात आहे हे माहीत असलं की डोळा गडद वाचतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा मुलामा रंग वाचून झाल्यावर.

तुलनेसाठी छापील फोटोवर विसंबू नका, छपाईत तपकिरी बदलतो. एस्टोनियाच्या ऑर्डोविशियन चुनखडकातले फिके, सीएआय १ चे अवयव मिळाले तर भट्टीत वेगवेगळ्या तापमानाला तापवून स्वतःची पट्टी तयार करा.

१ — फिका पिवळा, ८०° से. पेक्षा कमी
१.५ — अगदी फिका तपकिरी, ५०–९०°
२ — तपकिरी, ६०–१४०°
३ — गडद करडा-तपकिरी, ११०–२००°
४ — काळपट, १९०–३००°
५ — गर्द काळा, ३००–४८०°
६ — राखाडी, ३६०–५५०°
६.५ — राखाडी-पांढरा, ४४०–६१०°
७ — अपारदर्शक पांढरा, ४९०–७२०°
८ — रंगहीन, पारदर्शक, ६००° पेक्षा जास्त

आकड्याचा अर्थ लावताना

६० मीटरच्या सिलपासून ३० मीटरवर सीएआय ५ आला असं धरा. तक्ता ३०० ते ४८०° म्हणतो. वरचा हिशेब ३१५ ते ३९०° देतो आणि कमाल तापमान यायला साधारण ५० वर्षं. म्हणजे दोन्ही जुळतात, पण पट्ट्याचं खालचं टोक इथे बाद: ३००° ला इतका काळा व्हायला कोट्यवधी वर्षं हवीत, इथे दशकंच मिळाली. नियम असा की सिल-डाइकच्या आचेसाठी तक्त्यातल्या पट्ट्याचं वरचं टोक धरायचं. डाइक जितकी बारीक तितकं आणखी वर. २ मीटरच्या डाइकशेजारी तर तक्त्याच्याही पलीकडे जावं लागतं. पाण्याच्या दाबाखालच्या बंद जागेत रंगबदल मंदावतो, हेही त्याच दिशेने ढकलतं.

मग पार्श्वभूमी वजा करा, पण साध्या वजाबाकीने नव्हे. रंग सर्वांत मोठी आच लक्षात ठेवतो, बेरीज ठेवत नाही. पार्श्वभूमी ३ असेल तर सिलपासून लांब जाताना आकडा ३ वर येऊन थांबेल. त्यापलीकडे सिलने तापवलं की नाही हे कोनोडॉन्ट सांगू शकत नाहीत. उत्तर पेनाइन्समध्ये, म्हणजे टीसडेल ज्यात येतं त्या डोंगराळ भागात, हे हमखास होतं. खाली वेअरडेलचा ग्रॅनाइट आहे. रूकहोपच्या बोअरहोलमध्ये १९६०-६१ मध्ये तो सुमारे ३९० मीटरवर लागला. गंमत अशी की तो झिजलेल्या माथ्याचा निघाला, म्हणजे वरच्या चुनखडकापेक्षा जुना. त्याने चुनखडक ‘भाजला’ नाही, पण त्यातून आणि त्याच्या भेगांतल्या गरम पाण्यातून खालची उष्णता वर येत राहिली. शिसं-फ्लुओराइटच्या शिरांचा सगळा खनिजपट्टा त्याच पाण्याचा.

म्हणून शेवटची परीक्षा गरम पाण्याची. आच नुसती खडकातून वाहत आली असेल तर आकडा कडेपासून लांब जाताना सलग उतरतो आणि एका नमुन्यातले अवयव जवळपास एकाच रंगाचे असतात. पाणी फिरलं असेल तर एकाच नमुन्यात ४ पासून ६.५ पर्यंत सगळं सापडतं, अवयवांवर राखाडी ठिगळं आणि साय असते, पृष्ठभाग खाल्लेला किंवा त्यावर नवे अपॅटाइट स्फटिक वाढलेले दिसतात, आणि आकडा कडेऐवजी शिरेच्या अंतराप्रमाणे बदलतो. अशा नमुन्याचं तापमान लिहू नका. ‘जलतापीय’ असा शेरा मारा आणि आलेखात वेगळ्या खुणेने दाखवा. सामू बिघडल्याची नोंद वहीत असेल तर खाल्लेल्या पृष्ठभागाला पुरावा मानू नका.

जवळ कोळसा किंवा काळा शेल असेल तर त्यातल्या व्हिट्रिनाइटची (कोळशाचा घटक; जास्त तापला की जास्त चमकतो) परावर्तकता मोजून घ्या. दोन वेगळ्या द्रव्यांनी एकच उतार दाखवला तर आलेखावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

दख्खनच्या डाइकांजवळ

नर्मदा-तापीच्या पट्ट्यात दख्खन ट्रॅपच्या डाइका भरपूर आहेत आणि मध्य प्रदेशात धार जिल्ह्याच्या बाजूला बाघचा क्रिटेशियस चुनखडकही आहे, म्हणून ही पद्धत तशीच उचलावीशी वाटते. पण क्रिटेशियसमध्ये कोनोडॉन्ट नाहीत; ते ट्रायासिकच्या अखेरीस, सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी संपले. तिथे आम्लाचा खटाटोप सोडा. अंतरांची ओळ आणि आचेचा हिशेब तोच ठेवा, पण काम पातळ छेदांवर, फोरॅमिनिफेरा, ऑस्ट्राकोड आणि ब्रायोझोआंच्या भिंतींवर करा: कोणत्या अंतरावर भिंत धड आहे, कुठे दाणे वाढले, कुठे फक्त छाया उरली. अंश सेल्सिअस त्यातून मिळत नाहीत. कोनोडॉन्टच हवे असतील तर भारतात स्पितीसारख्या ठिकाणच्या ट्रायासिक चुनखडकाकडे जावं लागतं.